परतून आलेलं जागरण

रियमला रात्री झोप येत नसे आणि त्याचं तिला कधी काही वाटलंही नव्हतं. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हापासून रात्र म्हणजे कामाची वेळ. मध्यरात्र उलटली की प्राब उठायचा, कपाळाला दिवा बांधायचा आणि नवरा-बायको घरामागच्या रबराच्या बागेत शिरायची. रबराचं झाड गारव्यात मोकळेपणी चीक देतं. ऊन चढलं की हात आखडून घेतं. प्राब पुढे, सालीवर सुरी फिरवत. रियम मागे, करवंटीत सुकलेला कालचा चीक सोलून काढत, करवंटी पुसून पुन्हा तारेत बसवत. उजाडल्यावर चीक गोळा करायचा, तबकांत ओतून विरजायचा, लाटून त्याच्या पोळ्या करायच्या, काठीवर वाळत घालायच्या. आणि सगळं जग आपापल्या उद्योगाला लागलेलं असताना या दोघांनी खिडक्या लावून आडवं व्हायचं.

दिवसाचा प्राब अबोल होता. जेवायला बस म्हटलं की बसायचा, काय हवं विचारलं की मानेनंच सांगायचा. पण रात्री बागेत मोठ्यानं बोलत चालायची रीत होती, म्हणजे साप वाटेतून सरकतात. त्या निमित्तानं प्राबला जी वाचा फुटायची, ती उजाडेपर्यंत थांबत नसे. सावल्यांच्या खेळातल्या विदूषकांचे आवाज काढायचा. शेजाऱ्यांच्या नकला करायचा. रडूही तो बागेतच रडला, एकदाच, आईची गोष्ट सांगताना. ती तरुणपणीच गेली, डोळे पिवळे झालेले आणि पोट सुपासारखं फुगलेलं. गावानं करणी म्हटलं होतं. अंधारात माणसाचं तोंड दिसत नाही, नुसता कपाळावरचा दिवा झाडाझाडाला हलताना दिसतो. त्या दिव्याकडे बघत रियमनं आयुष्यभर ऐकलं. तेव्हाचे दिवे कार्बाइडचे, त्यांना लसणीसारखा उग्र वास यायचा. पुढे विजेरीचे आले. मुलगी ओरथाय पोटात होती तेव्हा त्या जुन्या वासानं रियमला मळमळायचं, आणि आता म्हातारपणी तोच वास कुठून आला तर ती नाक वर करून उभी राहायची.

मग गुडघे गेले. रियमचे आधी, प्राबचे मागून. तिच्या एका डोळ्यावर मोतीबिंदूही चढायला लागला. बाग त्यांनी गावातल्या बांचोंगला वाट्यानं दिली. पोरगा कष्टाळू होता. रात्री त्याची मोटारसायकल फटफटत मागच्या वाटेनं जायची, तेवढाच बागेशी संबंध राहिला.

आणि प्राब चक्क झोपायला लागला. कचेरीतून घरी आलेल्या कारकुनासारखा, दिवे लागले की जांभया द्यायचा, अंथरुणाला पाठ टेकली की घोरायला सुरुवात. सकाळी उठून पिंजऱ्यातल्या बुलबुलाला केळं भरवायचं, दुपारी कोपीच्या, म्हणजे कॉफीच्या, टपरीवर जाऊन इतर म्हाताऱ्यांत बसायचं. रियमला ते जमलं नाही. ती दुपारी झोपायची आणि रात्री ओसरीवर बसून असायची. आत नवऱ्याचं घोरणं, बाहेर बांचोंगचा दिवा दूर झाडांतून लुकलुकणारा. नवरा जिवंत, धडधाकट, दोन हातांवर झोपलेला. पण ज्याच्याशी तिनं संसार केला तो रात्रीचा प्राब कुठेतरी निघून गेला होता, आणि हे कुणाला सांगावं तर लोक हसतील.

म्हणून ज्या रात्री मागून आवाज आला, "कोपी ठेवलीस का गं?" तेव्हा तिच्या छातीत धस्स झालं, ते आनंदानं.

प्राब दारात उभा होता. लुंगी अर्धवट गुंडाळलेली, डोळे मात्र टक्क उघडे.

"आज तुमची पाळी नाही हो," ती म्हणाली. "बाग बांचोंगकडे आहे."

"माहीत आहे मला. म्हणून काय कोपी पण त्यालाच पाजणार?"

तिनं कोपी केली. डब्यातलं घट्ट गोड दूध त्यात सोडलं. दोघं ओसरीवर बसली. प्राबनं बांचोंगच्या मोटारसायकलची नक्कल केली, मग बांचोंगच्या सासूची. रियम इतकी हसली की तिला ठसका लागला. कोंबडा आरवेपर्यंत तो बोलत होता, आणि उजाडल्यावर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला.

दुसऱ्या रात्री तो पुन्हा उठला. मग रोजच.

दिवसा तो आता कुठेही झोपायचा. ताटावर बसल्या बसल्या, बुलबुलाच्या पिंजऱ्याखाली, एकदा तर टपरीवर हातात पेला धरून. टपरीवरच्यांनी त्याला तसाच उचलून आणला, वाटभर गाणी म्हणत.

शेजारच्या नुईनं कुंपणावरून विचारलं, "काय गं रियम, या वयात नवऱ्याला रात्री झोपू देत नाहीस की काय?"

"तुला का जळजळ? तुझा तर दिवसाउजेडीही ताडी पिऊन पडलेला असतो."

"पडतो तो पडतो, पण रात्री हालत नाही बाई." नुई हसून हसून वाकली. मग डोळे पुसत म्हणाली, "अगं, रबरवाल्याचं घड्याळ ते. अंगात मुरलेलं असतं. माझा बाप मरेपर्यंत मध्यरात्री उठून सुरी पाजळायचा, बाग विकून जमाना झाला होता तरी."

सगळ्या गावाला ते पटलं. गावात कुणाच्या ना कुणाच्या बापानं असं केलेलंच होतं. ओरथायचा हाटयाई शहरातून फोन आला, मागे तिच्या केशकर्तनालयातल्या यंत्रांची घरघर. "बाबा कुठेत?"

"झोपलेत."

"आत्ता? दुपारचे?"

"रात्रभर जागतात ना. पहिल्यासारखे."

"अरे देवा, म्हणजे परत सुरू? मला वाटलं तुम्ही सुधारलात." ती हसली. "लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच आईबाप घुबडं असतात. बरं, पायांची सूज उतरली का त्यांची?"

"उतरेल. बसून असतात म्हणून आहे."

सूज उतरली नव्हती. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा राहायचा. डोळ्यांच्या कडा पिवळट वाटायच्या. नुई म्हणाली, हळदीची आंबट आमटी रोज रोज ओरपल्यावर आणखी काय होणार. चहाडी करावी अशा बारीकसारीक गोष्टी आणखीही होत्या, आणि त्या रियमनं कुणाला सांगितल्या नाहीत. सदऱ्याची बटणं तो चुकीच्या काजांत घालायचा आणि तिनं सोडवायला हात लावला की खेकसायचा. कोपीत त्यानं एकदा मीठ घातलं. बुलबुलाचं नाव विसरला. त्याच्या श्वासाला एक गोडसर, शिळा वास येऊ लागला होता, पिकून पडलेल्या फळासारखा. म्हातारपण आहे, ती स्वतःला सांगायची. आणि म्हातारपणात ही एक गोष्ट परत मिळाली आहे, तर मोजून मापून बघायची कशाला. पोरीला सांगितलं तर पोर गाडी घेऊन येईल, इस्पितळात नेऊन घालेल, तिथे झोपेच्या गोळ्या देतील. मग पुन्हा आत घोरणं आणि बाहेर ती एकटी.

एका रात्री प्राब म्हणाला, "आज बांचोंग येणार नाही."

खरंच होतं. झाडांना एक रात्र विसावा देत बांचोंग एक रात्र आड यायचा.

"मग?"

"मग बागेत जाऊ या की. फक्त पहिली ओळ. जरा हात चालवून येतो."

रियमनं नको म्हणायला हवं होतं. झाडांचा विसावा मोडू नये हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण तोवर त्यानं खिळ्यावरचा दिवा काढून कपाळाला बांधलाही होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ती जुनी घाई होती, चला चला, गारवा जाईल. तिनं डास पळवायची वडी पेटवून हातात घेतली आणि त्याच्या मागून गेली.

गुडघ्यांमुळे ती ओळीच्या सुरुवातीला एका बुंध्यावर बसली. दिवा पुढे गेला. पहिलं झाड, दुसरं झाड. साल निघतानाचा तो खसखस आवाज तिनं किती दिवसांत जवळून ऐकला नव्हता. प्राब मोठ्यानं बोलत होता, सापांसाठी. कुठल्याशा जत्रेची गोष्ट सांगत होता, तिला भेटण्याआधीची. मधेच गोष्टीतल्या माणसांची नावं बदलायची, पण सूर तोच. दिवा एकेका झाडापाशी फार वेळ थांबत होता. पूर्वी तो थांबायचाच नाही, चालता चालता चाटून जायचा. हळू झालेत, रियमला वाटलं. आपणही कुठे पहिल्यासारख्या राहिलो? ओल्या पालापाचोळ्याचा आणि ताज्या चिकाचा वास येत होता. आयुष्यात आता आणखी काही मागायचं नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं.

सकाळी बांचोंग आला तो चप्पल न काढताच ओसरीवर चढला.

"मावशी, रात्री बागेत कोण शिरलं होतं?"

"का रे?"

"का म्हणजे? पहिल्या ओळीची वाट लावली आहे कुणीतरी! माझ्यावर कुणाचा राग आहे ते सांगा. चोरी केली असती तर एक वेळ चाललं असतं, पण झाडं मारून जायची?"

रियम त्याच्या मागून गेली. उन्हात तिनं पहिलं झाड बघितलं आणि तिथेच उभी राहिली. सुरी सालीतून थेट लाकडात गेली होती. एकदा नाही, तीन-चारदा, वर, खाली, तिरकी, जशी आंधळ्यानं मारावी. उघड्या लाकडावरून चीक भलत्याच वाटांनी ओघळून मातीत गेला होता, करवंटी कोरडी. दुसऱ्या झाडाचंही तेच. पाचव्या झाडाची साल हातभर सोलून लोंबत होती.

प्राबच्या झाडांना गाठी नव्हत्या. लाकडाला सुरी लागली की तिथे गाठ धरते आणि जन्मभर राहते. पुढे नवी साल आली तरी त्या जागी सुरी चालत नाही. दुसऱ्यांच्या बागा देवी आलेल्या तोंडासारख्या दिसायच्या. प्राबची झाडं सुपारीसारखी गुळगुळीत, शेजारच्या गावचे लोक नवशिक्या पोरांना दाखवायला आणायचे. बांचोंगला बाग देताना त्यानं एकच अट घातली होती, सालीचं घे, लाकडाला हात लावू नकोस.

"काकांना सांगू नका," बांचोंग आता हळू आवाजात म्हणाला. "त्यांना सहन व्हायचं नाही. मी शोधून काढतो कोण ते."

रियमनं पाचव्या झाडाची लोंबती साल हातानं वर धरली, जणू चिकटेल. "शोधू नकोस," ती म्हणाली. "तुझी गाडी सुरू कर. काकांना न्यायचंय."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला कळलं, आणि तो धावतच निघाला.

काल रात्री झाडांमधून चालत होता तो तिचा नवरा नव्हताच. नवऱ्याचे हात असे चालले नसते, झोपेतसुद्धा. हे तिला रस्त्याएवढं स्पष्ट दिसलं, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं दिसलं, बटणं, मीठ, तो गोडसर वास. घरी येऊन तिनं प्राबला हलवलं. त्यानं डोळे उघडले, तिला "आई" म्हणाला, आणि पुन्हा मिटले.

जिल्ह्याच्या इस्पितळातली डॉक्टरीण ओरथायहूनही लहान दिसत होती. तिनं प्राबला हात पुढे करून पंजे ताठ धरायला सांगितलं. पंजे राहीनात, पाखरानं पंख फडफडवावेत तसे पुन्हा पुन्हा खाली पडत होते. तिनं पोटावर बोटं वाजवून बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या.

"दारू किती घ्यायचे?" परिचारिकेनं लिहिता लिहिता विचारलं.

"सणालासुद्धा नाही," रियम म्हणाली. पण परिचारिकेची मान वर झाली नाही, तेव्हा तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

डॉक्टरीण म्हणाली, "दारू नसतानाही होतं, आजी. त्यांच्या घरात कुणाला कावीळ, पोटात पाणी, असं काही?"

"आईला."

"मग बहुतेक जन्मतानाच तिच्याकडून आलं असेल. काविळीचा हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर खात असतो. माणसाला पत्ता नसतो." तिनं खुर्ची जवळ ओढली. "एक सांगा. यांची झोप उलटी कधीपासून झाली? दिवसा झोप, रात्री जाग?"

"लग्न झालं तेव्हापासून," रियम म्हणाली.

डॉक्टरिणीची लेखणी थांबली. बांचोंग कोपऱ्यात उभा होता, त्यानं सांगितलं, "डॉक्टर, रबराची बाग आहे त्यांची."

"अच्छा." डॉक्टरिणीनं लेखणी खाली ठेवली. तीही याच मुलखातली असणार, तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. "तरीच. दुसऱ्या कुणाच्या घरात असं झालं असतं तर पहिल्याच आठवड्यात घेऊन आले असते."

मग तिनं समजावून सांगितलं, सावकाश. अंगात एक घड्याळ असतं, तेच झोपवतं आणि तेच उठवतं. डोक्यात असतं तसं लिव्हरचंही आपलं असतं, आणि ती दोन्ही एकमेकांच्या चालीनं चालतात. लिव्हर थकलं की रक्तातली घाण साफ होत नाही, ती डोक्यात चढते. सगळ्यात आधी ते घड्याळ बिघडतं. दिवसाची रात्र होते. मग हात जातात, मग अक्षर, मग माणसं ओळखू येत नाहीत.

"म्हणजे तो आजार होता," रियम म्हणाली.

"हो आजी."

"पण ते बोलायचे. किती बोलायचे."

डॉक्टरिणीनं तिच्या हातावर हात ठेवला.

ओरथाय संध्याकाळी पोचली. केसांना लावायच्या रंगाचे डाग तिच्या बोटांवर तसेच होते. डॉक्टरिणीशी बोलून आली आणि व्हरांड्यात आईसमोर उभी राहिली.

"आई, तुला काहीच कसं दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग फोन का नाही केलास? मी काय परदेशात आहे?"

रियमनं मुलीकडे बघितलं. काय सांगणार? मला सोबत मिळाली होती, असं? ओरथायनं वाट बघितली, मग स्वतःच खाली बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. "मी पण हसलेच की फोनवर," ती म्हणाली. "घुबडं म्हणाले मी तुम्हाला."

प्राब घरी आला. फार दिवस उरले नाहीत हे डॉक्टरिणीनं ओरथायला सांगितलं होतं, ओरथायनं आईला, आणि आईच्या तोंडावरून प्राबनं वाचलं. खारवलेली मासळी बंद झाली. एक औषध मिळालं होतं, पाकासारखं घट्ट आणि गोड, ते सकाळ-संध्याकाळ घ्यायचं. त्यानं पोट साफ होतं, आणि पोटातून घाण गेली की डोकंही साफ राहतं.

"हे औषध आहे की शिक्षा?" संडासातून चौथ्यांदा परत येत प्राब म्हणायचा. "नुईच्या नवऱ्याला पाज म्हणावं एक बाटली. आयुष्यभर ताडी ढोसली त्यानं, आणि बघ, बैलासारखा आहे."

"तिच्यासमोर म्हणू नका."

"तिच्यासमोरच म्हणणार."

पण औषधानं गुण आला. बटणं आपापल्या काजांत जायला लागली. बुलबुलाचं नाव आठवलं. रात्री तो झोपायचा, अगदी शांत, आता घोरायचाही नाही. आणि रियम ओसरीवर न जाता त्याच्या उशाशी बसून त्याचा श्वास मोजायची. दिवसा तो जागा असायचा, अशक्त पण लखलखीत शुद्धीवर.

शुद्धीवर आला तसं त्याला कळायला लागलं. एका सकाळी बांचोंग चिकाची बादली घेऊन जाताना त्यानं त्याला हाक मारली आणि पहिल्या ओळीबद्दल विचारलं. बांचोंग रियमकडे बघायला लागला.

"तिच्याकडे काय बघतोस? मी लिव्हरनं मरतोय, कानांनी नाही. तुम्ही कुजबुजता ते ऐकू येतं मला."

बांचोंगनं सांगितलं, शक्य तितकं कमी करून. जखमांवर चुना आणि राख लावली आहे, वर्षभरात भरून येतील, असंही म्हणाला. प्राबनं ऐकून घेतलं. भरून येत नाहीत हे त्यानंच बांचोंगला शिकवलेलं होतं.

बांचोंग गेल्यावर त्यानं बराच वेळ आपले हात उलटे-सुलटे करून बघितले.

"रियम, मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही."

"बागेतलं?"

"बागेतलं, घरातलं. तू म्हणतेस आपण रोज रात्री बसायचो. मला फक्त इस्पितळातलं छत आठवतं. त्याच्या आधी म्हणजे, टपरीवर गेलो होतो एकदा."

रियम पाटावर बसून वांगी चिरत होती. तिची सुरी थांबली. जत्रेची गोष्ट, बांचोंगच्या सासूची नक्कल, ठसका लागेपर्यंतचं हसणं. एवढ्या सगळ्या रात्रींत ती एकटीच बसली होती तर.

"चांगल्या होत्या का?" त्यानं विचारलं.

"काय?"

"त्या रात्री."

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण या माणसाशी ती कधी खोटं बोलली नव्हती. "हो," ती म्हणाली. "फार चांगल्या होत्या. तुम्ही पहिल्यासारखे बोलायचात."

प्राब विचार करत राहिला. संध्याकाळी तिनं बाटली आणली, झाकणात औषध ओतलं, त्याच्यापुढे धरलं. त्यानं घेतलं नाही.

"हे नाही घेतलं तर पुन्हा तसं होईल ना?"

"काय बोलताय?"

"विचारतोय. दोन-तीन दिवस नाही घेतलं, तर मी रात्री उठेन? बोलेन तुझ्याशी?"

पाक रियमच्या बोटांवर सांडला. ही गोष्ट तिच्या मनात आली नव्हती असं नाही. उशाशी बसून श्वास मोजताना कितीदा तरी आली होती. बाटली कपाटात राहिली तर कुणाला कळणार होतं?

"माझं काय जातंय," प्राब म्हणाला. आवाजात दुःख नव्हतं. ताटातला तुकडा तिच्याकडे सरकवावा तसा तो बोलत होता. "तसाही जायचाच आहे. चार रात्री तुला मिळाल्या तर मिळू देत. मी इथे दिवसभर पडून कण्हतो, त्याचा तुला काय उपयोग?"

"नको," रियम म्हणाली.

"अगं, मीच देतोय ना?"

"नको म्हणते ना. तुम्ही नव्हतात तिथे." तिला रडू फुटलं, पण झाकण तिनं खाली ठेवलं नाही. "मी बसले होते, आणि तो कोण होता कुणास ठाऊक. त्यानं तुमची झाडं कापली. मला तो नको. घ्या हे."

प्राबनं तिच्याकडे बघितलं. मग झाकण घेऊन एका घोटात संपवलं आणि नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. तिनं त्याला पाणी दिलं, आपली बोटं धुतली. त्या दिवसानंतर रात्रींबद्दल तो पुन्हा बोलला नाही, आणि तीही.

पानगळ सुरू व्हायच्या आतच प्राब गेला. त्याआधी थोडे आठवडे मिळाले. रियमनं त्या आठवड्यांत दुपारी झोपायचं सोडलं. डोळे चुरचुरायचे, डोकं जड व्हायचं, आडवं व्हावंसं वाटायचं. ती तोंडावर पाणी मारायची आणि त्याच्या खाटेजवळ येऊन बसायची. खाट ओरथायनं ओसरीवर रस्त्याच्या बाजूला लावून दिली होती.

अशाच एका दुपारी प्राब म्हणाला, "दुपारी लोक करतात काय गं?"

"मला काय माहीत? आधी आपण दोघं झोपलेलो असायचो. मग तुम्ही टपरीवर आणि मी झोपलेली."

"हो, ते खरंच."

रस्त्यावरून बर्फाचे गोळे विकणारा घंटा वाजवत गेला. शाळा सुटून गणवेशातली पोरं एकमेकांची दप्तरं ओढत आली. कुंपणापलीकडे नुई वाळलेले कपडे काढता काढता नवऱ्याला शिव्या घालत होती. एक कपडा, एक शिवी. नवऱ्याचं उत्तर काही ऐकू येत नव्हतं.

"ही रोज एवढं बोलते?" प्राबनं विचारलं.

"रोज असणार."

"आणि तो ऐकतो?"

"झोपलेला असेल."

प्राबला हसू आलं, पण हसताना पोटात दुखलं म्हणून त्यानं ते आवरलं. नुईनं शेवटचा पायजमा दोरीवरून ओढला, यांच्याकडे बघून हात केला, आणि आत गेली. प्राब आता पुढे कोण येतंय म्हणून रस्त्याकडे बघत राहिला. रियमनं त्याच्या पाठीमागची उशी थोडी वर सरकवली.